पाणी, पडके तट आणि आपला विश्वास



आपल्या तोरणमाळला यशवंत तलाव आहे, गोरक्षनाथांचे मंदिर आहे, मच्छिंद्रनाथांची गुंफा आहे आणि जुन्या किल्ल्याचे अवशेषही आहेत. सीताखाईचे नाव रामकथेशी जोडलेले आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. या स्थळांच्या कथा ऐकतच आपली मुले वाढतात आणि आम्हांला विचारतात, "ख्रिस्ती माणसाने या कथा ऐकाव्यात का? पाण्याला नवस बोलावा का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पहिल्याचे उत्तर याकोबाच्या विहिरीवर मिळते (योहान ४:५-४२). शोमरोनी स्त्री आपल्या पूर्वजाची कथा अभिमानाने सांगते. प्रभू येशू तिची थट्टा करीत नाही. तिच्याच विहिरीवर बसून, तिच्याकडे पाणी मागून, तो जिवंत पाण्याविषयी बोलतो. परमगुरू संत ग्रेगरी ह्यांनी इ.स. ६०१ मध्ये इंग्लंडच्या मिशनऱ्यांना कळविले, की लोकांची मंदिरे पाडू नका. आयर्लंडमध्ये आजही किल्डेअर येथे संत ब्रिजिटच्या विहिरीवर भाविक प्रार्थना करतात. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही शिकविले, की इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही. म्हणून कथा आदराने ऐकाव्यात.

दुसऱ्याचे उत्तर बेथेस्दाच्या तळ्याकाठी आहे (योहान ५:१-९). अडतीस वर्षे आजारी असलेला माणूस पाणी हालण्याची वाट पाहत होता. प्रभूने त्याला पाण्यात उतरविले नाही. शब्दानेच बरे केले. सामर्थ्य पाण्यात नव्हे, प्रभूमध्ये आहे. आपल्या बाप्तिस्म्याचे पाणीही त्याच्या शब्दामुळेच आपल्याला नवा जन्म देते. घरात कोणी आजारी पडले, तर भीतीपोटी नवस बोलू नका. प्रार्थना करा आणि वेळ न दवडता दवाखान्यात न्या. डॉक्टरचे ज्ञानही देवाचेच दान आहे.

आणि पडके तट? वसईचा किल्ला १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकला. आतील अनेक चर्चेस आज भग्नावस्थेत आहेत. पण वसईच्या ख्रिस्ती घरांतील रोझरी थांबली नाही. दगड ढासळतात, घरात शिकविलेला विश्वास टिकतो.

ह्या आठवड्यात एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून येथील एक कथा ऐका. मग कुटुंबासह योहानाचा चौथा अध्याय वाचा आणि एकमेकांना विचारा : आपली खरी तहान कशाची आहे?