पाडकामाचे लाकूड : फुकटच्या मालाचाही हिशेब हवा

आम्ही कापडवाले ताग्याच्या शेवटचा तुकडा फेकत नाही. कटपीस म्हणून त्याचा वेगळा ढीग लावतो, वेगळा भाव सांगतो. इमारतीच्या साइटवर मात्र फळ्या, बल्ल्या, सळ्यांची टोके आणि फरशीच्या पट्ट्या मलब्यात जातात. सुतार आणि वेल्डर बांधवांनी या मालाकडे धंद्याच्या नजरेने पाहावे, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

कल्पना जुनीच आहे. हॉलंडचे सुतार आणि वास्तुकार गेरिट रीटव्हेल्ड यांनी १९३४ साली, मंदीच्या काळात, मालाची खोकी बनवतात तसल्या साध्या फळ्यांची खुर्ची काढली. ती आजही नावाजली जाते. आपल्याकडे तर लाकूडही भारी. महाल, इतवारीतले जुने कवेलूचे घर पडले की तुळया आणि चौकटी निघतात, त्यांत अनेकदा सी. पी. सागवान असते. दिल्लीच्या नव्या संसद भवनाचे २०२३ साली उद्घाटन झाले. त्यासाठीही सागवान नागपूरहूनच गेले होते.

आता कामाची रीत पाहू.

१) माल घेताना मालकाची किंवा ठेकेदाराची परवानगी आणि चिठ्ठी घ्यावी.

२) लाकडावर लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत. एक लपलेला खिळा करवतीचे पाते खराब करतो. वाळवी आणि भुंग्याची भोके पाहावीत.

३) सेंटरिंगच्या प्लायमध्ये सिमेंट आणि तेल मुरलेले असते. त्यावर पॉलिश नीट बसत नाही, म्हणून ती आतल्या बाजूला वापरावी. सिमेंटचे जुने पत्रे कापू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

४) मापे नेहमीचीच ठेवावीत. खुर्चीची बैठक सुमारे ४५ सेंटिमीटर, टेबल ७५. सळईचे पाय आणि वर सागवानाची फळी, एवढ्यात मजबूत बाक होतो.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा किमतीचा. लाकूड स्वस्त मिळाले की कारागीर मजुरी मोजायला विसरतो. समजा, एका स्टुलाला १०० रुपयांचे लाकूड लागले. खिळे काढणे आणि घासणे २ तास, बनवणे ४ तास. ताशी १०० रुपये धरले तर मजुरी ६०० झाली. स्क्रू, पॉलिश आणि हातगाडी १५०. एकूण ८५०. ‘लाकूड तर फुकटातलेच’ म्हणून तो स्टूल ६०० ला दिला, तर २५० रुपये आपल्याच रोजीतून गेले. अशा धंद्यात बरकत कशी येणार?

गिऱ्हाइकाला मात्र ‘जुने लाकूड आहे’ असे आधीच सांगावे. जुन्या सागवानाची कदर करणारे लोक आहेत. ते वाजवी दाम देतात, पण खरे ऐकल्यावरच पुन्हा दुकानाची पायरी चढतात.