अंगठ्याचा आग्रह

काचबिंदूने माझी दृष्टी हिरावून नेली, त्यास बराच काळ लोटला. परंतु अंधत्व माणसावर जी बंधने घालते, त्यांहून जाचक बंधने त्याच्याविषयी कळवळा बाळगणारी मंडळीच घालीत असतात, ह्याचा प्रत्यय मला एका बँकेच्या कचेरीत आला.

नव्या चेकबुकासाठी पुतण्यासह गेलो असता अंमलदार महाशयांनी माझा अर्ज हाती घेतला आणि मला नव्हे, तर पुतण्याला विचारले, ''काकांचा अंगठाच घेऊ ना? चेकबुक हवेच कशाला? उद्या कुणी फसवले म्हणजे?'' पुतण्या गप्प राहिला, हे त्याने उत्तम केले. ज्या सहीवर ते खाते उघडले होते, ती मी तेथेच करून दाखवली, तरी 'तुमच्याच हितासाठी सांगतो' हे पालुपद थांबेना. (डोळस ग्राहक फसतच नाहीत, अशी त्यांची श्रद्धा असावी!)

मी अंगठा दिला नाही. तो एकदा दप्तरी रुजू झाला, की सामान्यतः चेकबुक बंद होते आणि पैसे काढण्यास दरवेळी जातीने हजर राहावे लागते. त्याऐवजी, नकार सकारण व लेखी मिळावा, असा अर्ज मी पोच घेऊन दाखल केला आणि त्यात रिझर्व्ह बँकेच्या ४ जून २००८ च्या परिपत्रकाचा हवाला दिला. अंध व्यक्ती करार करण्यास कायद्याने समर्थ असल्यामुळे चेकबुक, एटीएम, लॉकर, कर्ज यांबाबत तिच्याशी भेदभाव करू नये, असे त्यात स्पष्ट बजावले होते. तोंडी नकार देणारी जीभ लेखणीपाशी अडखळते. चेकबुक मुकाट्याने आले.

माझ्यासारख्यांनी रिझर्व्ह बँकेच्या ह्याविषयीच्या चालू निर्देशांची प्रत नेहमी जवळ बाळगावी. सही ओळ सोडून भरकटत असेल, तर जाड पुठ्ठ्यास सहीपुरती खाच पाडून तो कागदावर ठेवावा. दस्तऐवज संपूर्ण वाचून घेतल्याविना सही करू नये. आपले आर्थिक व्यवहार आपण सांभाळण्याचा हक्क २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम १३ नेही मान्य केला आहे. तक्रारीस बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

सोबत येणाऱ्या आप्तांस एवढीच विनंती, की प्रश्न आपणांस विचारला गेला, तरी उत्तर आम्हांला देऊ द्यावे.