गळ्यातली गाठ : भीती किती, तपासणी कशी?



आरोग्य पाठमालेच्या या अंकात आपण गळ्यात येणाऱ्या गाठीविषयी शिकणार आहोत. भोंगवली परिसरात आणि पश्चिमेकडे भोर-वेल्ह्याच्या डोंगरातील कातकरी व महादेव कोळी वाड्यांवर सेवा करताना अशी गाठ असलेली एखादी ताई किंवा मावशी भेटू शकते. तेव्हा लोक दोनपैकी एक बोलतात. कोणी म्हणते, "कॅन्सरच असणार, आता काय उपयोग?" कोणी म्हणते, "दुखत नाही ना, मग राहू दे." दोन्ही बोलणी घातक आहेत. पहिल्याने माणूस खचतो, दुसऱ्याने वेळ निघून जातो. म्हणून धोका कसा मोजतात हे आपण नीट समजून घेऊ.

गाठ कशाची आहे?

थायरॉईड ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेवर बसलेली असते. तिच्यातली गाठ घोट गिळताना वर सरकते. रुग्णाला पाण्याचा घोट घ्यायला सांगावे आणि समोरून पाहावे. गाठ वर-खाली झाली तर ती बहुधा थायरॉईडची असते.

मानेच्या बाजूला असलेली, घोटाबरोबर न हलणारी गाठ वेगळी असू शकते. आपल्याकडे अशा गाठींचे एक मोठे कारण क्षयरोग आहे. जुनी माणसे तिला गंडमाळा म्हणतात. सोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा खोकला असेल तर क्षयाची तपासणी आधी करावी. ती आणि तिचे औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते. मात्र थायरॉईडचा कर्करोगही कधीकधी मानेच्या बाजूच्या गाठींतूनच प्रथम दिसतो. म्हणून अशी गाठ डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

सगळा गळाच भरून आलेला असेल तर तो गलगंड. त्याचे जुने कारण आयोडीनची कमतरता. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून सुमारे १ लाख लोकवस्तीत आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले. जिथे ते मीठ पोहोचले तिथे गलगंड झपाट्याने कमी झाला, आणि जिथे साधे मीठ चालू राहिले तिथे तो तसाच राहिला. त्या आधारावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आजही वाडीवर सुटे खडे मीठ येत असेल, तर पिशवीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलेले मीठ घ्यायला सांगावे आणि ते झाकून, कोरडे ठेवायला सांगावे.

धोका किती?

हाताला लागणाऱ्या थायरॉईडच्या १०० गाठींपैकी साधारण ७ ते १५ कर्करोगाच्या निघतात. बाकीच्या साध्या असतात. कर्करोग निघाला तरी त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, पॅपिलरी, सावकाश वाढतो आणि वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण पुढे अनेक वर्षे चांगले जगतात.

पुढील लक्षणे असतील तर मात्र थांबू नये :

- गाठ काही आठवड्यांत भराभर वाढली
- आवाज बसला आणि तो सुधारत नाही
- गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतो
- गाठ दगडासारखी कडक, एका जागी चिकटलेली आहे
- मानेच्या बाजूलाही गाठी आहेत
- रुग्ण लहान मूल आहे, किंवा लहानपणी मानेवर किरणोपचार झाले होते
- घरात कोणाला थायरॉईडचा कर्करोग झाला होता

थायरॉईडच्या गाठी स्त्रियांत पुष्कळ जास्त आढळतात. पण पुरुषाच्या गळ्यात गाठ असेल तर ती कर्करोगाची असण्याची शक्यता थोडी अधिक असते. दुखणे हे मात्र भरवशाचे लक्षण नाही. कर्करोगाची गाठ बहुधा दुखत नाही.

तपासणीच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी रक्ताची, टीएसएचची. टीएसएच कमी असेल तर गाठ स्वतःच जास्त हार्मोन तयार करत असू शकते. अशी गाठ क्वचितच कर्करोगाची असते, म्हणून आधी वेगळा स्कॅन करतात. टीएसएच ठीक किंवा जास्त असेल तर सोनोग्राफीकडे पाहून पुढचे ठरते. पण लक्षात ठेवावे : टीएसएच 'नॉर्मल' आला म्हणजे कर्करोग नाही, असे ठरत नाही.

दुसरी पायरी सोनोग्राफीची. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने २०१७ मध्ये टाय-रॅड्स ही गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीत पाच गोष्टी पाहतात : गाठ भरीव की पाण्याची; पडद्यावर किती काळसर; आडवी की उभी; कडा सरळ की वेड्यावाकड्या; आत बारीक पांढरे ठिपके आहेत का. गुणांची बेरीज जितकी जास्त तितका संशय जास्त.

उदाहरण घेऊ. समजा एका मावशींची गाठ ३ सेंटीमीटरची, पण स्पंजासारखी सच्छिद्र आहे. तिला ० गुण. सुई टोचण्याचीही गरज नाही. दुसऱ्या ताईंची गाठ फक्त १.२ सेंटीमीटरची, पण भरीव (२), काळसर (२), वेड्यावाकड्या कडेची (२) आणि बारीक ठिपक्यांची (३) आहे. बेरीज ९. सात किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे सर्वांत वरचा गट, आणि त्या गटात १ सेंटीमीटरपासून पुढे सुईची तपासणी करतात. वाडीवर सगळ्यांच्या डोळ्यांत भरते ती मावशींची गाठ. जायला हवे ते त्या ताईंना.

तिसरी पायरी सुईची, म्हणजे एफएनएसी. बारीक सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सुईने कर्करोग पसरतो ही भीती वाड्यांवर असते. तिला आधार नाही, असे धीराने सांगावे. अहवाल बेथेस्डा पद्धतीने सहा गटांत येतो. पहिल्या गटाचा अर्थ पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत, तपासणी पुन्हा करा. त्याला 'काही नाही निघाले' असे समजू नये. दुसरा गट साधी गाठ. त्यात कर्करोगाची शक्यता २०२३ च्या आवृत्तीप्रमाणे सरासरी ४ टक्के. तिसऱ्यात २२, चौथ्यात ३०, पाचव्यात ७४ आणि सहाव्यात ९७ टक्के. अहवालावर हा आकडा शोधावा आणि डॉक्टरांना त्याचा अर्थ विचारावा.

सगळ्यांची सोनोग्राफी करावी का?

समर्थकांच्या मनात येते की एक मशीन आणून सगळ्या वाडीची तपासणी केली तर किती चांगले. हेतू चांगला आहे, पण दक्षिण कोरियाचा अनुभव पाहा. तिथे १९९९ नंतर इतर कर्करोगांच्या तपासणीबरोबर थायरॉईडची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली. २०११ मध्ये थायरॉईड कर्करोगाचे निदान १९९३ च्या सुमारे १५ पट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. म्हणजे ज्या बारीक गाठींनी कधी त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी हजारोंच्या ग्रंथी काढल्या गेल्या. काहींचा आवाज गेला, काहींना कायमच्या कॅल्शियमच्या गोळ्या लागल्या.

म्हणून लक्षण नसलेल्यांची सरसकट सोनोग्राफी नको. हाताला गाठ लागते अशा प्रत्येकाला शेवटच्या पायरीपर्यंत नेणे, हे खरे काम आहे.

आपण काय करू शकतो?

सुरुवात भोंगवलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून करावी. पुढे भोर आणि मग पुण्याचे ससून रुग्णालय असा मार्ग आहे. कर्करोग निघाला तर मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय आहे, आणि तिथेच १९६३ मध्ये सुरू झालेले रेडिएशन मेडिसिन सेंटर किरणोत्सारी आयोडीनचे उपचार देते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्यावे.

वाट बहुधा उपचाराअभावी नाही, मध्येच तुटल्यामुळे संपते. पुष्कळ कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सुईचा अहवाल येतो तेव्हा माणूस गावात नसतो. म्हणून तीन गोष्टी कराव्यात : सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत रुग्णाकडे आणि त्यांच्या प्रती आपल्याकडे, भट्टीचा पत्ता व मुकादमाचा फोन लिहून ठेवणे, आणि पुण्याच्या फेरीला एक सोबती. सगळी ग्रंथी काढली असेल तर थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर, रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावी लागते. स्थलांतराआधी तेवढ्या महिन्यांच्या गोळ्या हातात देणे, ही तुमच्या देणगीची फार मोलाची पावती आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. गाठ थायरॉईडची आहे की नाही, हे घोटभर पाण्याने कसे ओळखाल?
२. मोठी गाठ नेहमी जास्त धोक्याची का नसते?
३. बेथेस्डाचा पहिला गट आला तर रुग्णाला काय सांगाल?
४. आपल्या मंडळीतून पुण्याला सोबत जाऊ शकतील अशी दोन माणसे कोण? त्यांची नावे याच सभेत लिहून घ्या.