तुझ्या आंगणातला एक कोपरा

अगं, चांदनी गावातल्या तुझ्या नव्या घराला एवढं मोठं आंगण मिळालं, आणि तू निघालीस कॉसमॉसची पाकिटं आणायला! आण हवं तर. पण ते फूल मूळ मेक्सिकोचं आणि तुझ्या दारात सातपुडा उभा आहे. नेपानगरकडे जाताना रस्त्याच्या कडेला काय काय फुलतं ते जरा बघ. तेरडा, तरवड, कोरांटी. यांच्यासाठी एक कोपरा राखून ठेव, एवढंच माझं सांगणं.

बी विकत घेऊ नकोस, गोळा कर. राखीव जंगलातून नको, बांधावरून, रस्त्याकडेनं घे. तेही दहा झाडांतल्या एकदोघांचंच. बाकीचं पुढच्या पावसाचं आहे. भाद्रपद-आश्विनात तेरड्याची बोंडं फुगतात. कोकणात याच तेरड्याची गौर आणतात बघ. पिकलेल्या बोंडाला बोट लागलं की ते फट्‌कन फुटतं, साल आतल्या बाजूला गुंडाळली जाते आणि बारीक तपकिरी दाणे लांब उडतात. म्हणून आधी बोंडाभोवती कागदी पिशवी धर आणि मगच हात लाव. तरवडाच्या शेंगा थंडी सरताना वाळतात. त्याचं बी टणक असतं, पाणी आत शिरत नाही. उकळून खाली उतरवलेलं गरम पाणी त्यावर ओत, रात्रभर राहू दे आणि सकाळी जे फुगलं असेल तेच पेर. तरवड लागला की पिवळट-पांढरी फुलपाखरं त्याच्यावर अंडी घालायला येतील. मग पानं कुरतडलेली दिसली तर औषध मारायला धावू नकोस गं. त्यांच्यासाठीच तर लावलाय.

पेरणी मृगाचा पाऊस नीट लागल्यावर. काळी माती असेल तर पाणी तुंबतं, तेव्हा थोडा मुरूम मिसळून वाफा उंच कर. शेणखत, युरिया काही नको. खत दिलंस की गवत माजतं आणि ही रोपं खाली दबून मरतात. बी खोल पुरू नकोस, वरून चिमूटभर माती पुरे.

खरी परीक्षा पुढे आहे. पहिल्या पंधरवड्यात सगळंच हिरवं दिसतं, आणि खुरपं हातात घेतलं की हवं तेच आधी उपटलं जातं. म्हणून त्याच बियांचे चार दाणे कुंडीत वेगळे टाक. कुंडीत जे उगवेल तसंच वाफ्यात राखायचं. तेरड्याचं कोवळं खोड रसाळ, पाणीदार असतं, लगेच ओळखू येतं. गाजरगवत मात्र फुलायच्या आत काढ, मुळासकट, हातमोजे घालून.

सासूबाई म्हणतील, आंगणात रान का माजवलं? त्यांच्याशी वाद घालू नकोस. कोपऱ्याला दगडांची कड लाव, समोरची वाट रोज झाडून ठेव. मुद्दाम राखलेलं आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला आपोआप कळतं.

कळलावीचा मोह तुला होणारच, फूलच तसं आहे. पण तिचा कंद, बी, सगळंच विषारी. पोरं हाताशी येईपर्यंत ती आंगणात नको.

उरलेलं बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेव, प्लॅस्टिकमध्ये दमट होतं. पुडीवर महिना आणि कुठल्या बांधावरून आणलंस ते लिही. त्यातली अर्धी पुडी माझी.