उघड्या फळीचा आवाज

हैदराबादेतील जुन्या मराठी घरांत, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेला लाकडी नभोवाणी-संच पूर्वी हमखास आढळे. बटण फिरविले की लगेच आवाज येत नसे. आधी काचेमागील दिवा लागे, आतील व्हॉल्व्ह तापेपर्यंत थोडा धीर धरावा लागे आणि मगच निवेदकाचा स्वर हळूहळू खोलीत भरू लागे. असे संच आता बहुधा माळ्यावर पडून आहेत किंवा भंगारात गेले आहेत. तथापि त्यांच्या पोटात शास्त्राचा एक उत्तम धडा दडलेला आहे. अल्प शक्ती वाया न घालविता तिच्याकडून पुरेपूर काम कसे करून घ्यावे, हा तो धडा होय. आम्हाला तो लहानपणी आमच्याच एका चुकीतून मिळाला.

ही गोष्ट १९७० च्या सुमाराची. आमच्या आजीची दृष्टी अधू झाली होती, त्यामुळे वर्तमानपत्र वाचणे तिला शक्य नव्हते. मध्यम लहरी रात्री अधिक दूरवर पोहोचतात. म्हणून जेवणे आटोपल्यावर आमच्या संचावर मुंबई केंद्र पुसटसे लागे आणि मराठी बातम्या तिच्या कानी पडत. संचाची मागची बाजू भोके पाडलेल्या पुठ्ठ्याची होती. तो पुठ्ठा फाटला, तेव्हा आत धूळ आणि पाली शिरू नयेत म्हणून आम्ही भावंडांनी प्लायवूडचा तुकडा ठोकून मागची बाजू घट्ट बंद केली. त्या रात्री आजी म्हणाली, "अरे, आज हा बाबा मडक्यात तोंड घालून का बोलतोय? मला एक अक्षर उमजत नाही." थोड्याच वेळात तापलेल्या वार्निशाचा वासही येऊ लागला. वडिलांनी संच बंद केला, प्लायवूड उचकटून काढले आणि एवढेच म्हणाले, "पुठ्ठ्याला भोके उगीच पाडलेली नसतात."

ती भोके कशासाठी असतात, हे समजण्यासाठी प्रथम स्पीकरची रचना पाहू. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे असते व ते कागदी शंकूला चिकटविलेले असते. वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह गेला की ते मागेपुढे हलते आणि शंकू हवेला ढकलतो. अशा स्पीकरविषयीचा महत्त्वाचा निबंध अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे अभियंते चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात.

आता एक अडचण पाहा. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे स्पीकर एकाच वेळी दोन ध्वनी निर्माण करतो आणि ते परस्परांच्या अगदी उलट असतात. स्पीकर नुसता हातात धरला, तर समोरचा दाब कडेवरून वळून मागची पोकळी भरून काढतो. उंच स्वरांच्या लाटा आखूड असल्याने त्यांना हे फारसे बाधत नाही. खालच्या स्वरांच्या लाटा लांब असल्याने त्या एकमेकींना पुसून टाकतात. तबल्याचा चाट ऐकू येतो, डग्गा मात्र नाहीसा होतो.

यावर सर्वांत साधा उपाय म्हणजे फळी. फळीला भोक पाडून त्यात स्पीकर बसविला की मागच्या लाटेला पुढे येण्यास फळीच्या कडेला वळसा घालावा लागतो. हा वळसा जितका लांब, तितका खालचा स्वर वाचतो. थोडे गणित करू. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरू. फळी ६० सेंटिमीटर चौरस असून स्पीकर मध्यभागी असेल, तर मध्यापासून कडेपर्यंत ३० आणि कडेपासून परत मध्यापर्यंत ३०, असा ६० सेंटिमीटरांचा वळसा पडतो. हे अंतर ज्या लाटेच्या निम्मे असते, त्या स्वराला मागची लाट मारक न होता उलट साहाय्य करते, कारण अर्ध्या लाटेइतका उशीर झाल्याने ती समोरच्या लाटेशी जुळून येते. अशा लाटेची लांबी १.२ मीटर व कंपनसंख्या सेकंदाला सुमारे २९०. त्याखाली उतरत गेल्यास हे साहाय्य ओसरते आणि मग आवाज क्षीण होऊ लागतो. फळी दुप्पट रुंद केली, तर ही सीमा सुमारे १४५ पर्यंत खाली येते. स्पीकर नेमका मध्यावर न बसविता जरा एका बाजूला बसवावा. तसे केल्यास सर्व कडांचे अंतर सारखे राहत नाही आणि एखादाच स्वर फुगत किंवा बसत नाही.

आजीचा नभोवाणी-संच म्हणजे अशीच एक दुमडलेली फळी होती. समोरचा लाकडी भाग ही फळी, बाजूंचे लाकूड हा वाढविलेला वळसा आणि मागच्या भोकांतून हवेला व व्हॉल्व्हच्या उष्णतेला मोकळी वाट. आम्ही ती वाट बंद करताच पेटीतील कोंडलेली हवा स्प्रिंगप्रमाणे शंकूला रेटू लागली. पेटी ज्या स्वरांना घुमते तेवढेच स्वर फुगले आणि शब्द त्यांखाली दडपले. उष्णताही आतच साचली.

आता शक्तीकडे वळू. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट याने व्हॉल्व्हमध्ये तिसरा घटक म्हणून एक जाळी बसविली. तापलेल्या ऋणाग्रापासून निघालेले इलेक्ट्रॉन या जाळीतून धनाग्राकडे जातात. जाळीवरील विद्युत्दाबात किंचित बदल केला की त्यांच्या ओघात मोठा बदल होतो. जणू कालव्याचे दार बोटाने हलवावे आणि पाण्याचा लोंढा हुकमतीत यावा. अशा संचांत वापरला जाणारा सिक्स-व्ही-सिक्स हा व्हॉल्व्ह २५० व्होल्टवर एकटा काम करताना सुमारे ४.५ वॅट शक्ती देतो. त्याला सुमारे ५००० ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर तर अवघ्या ८ ओहमचा! त्यांची गाठ ट्रान्सफॉर्मर घालून देतो. त्याच्या वेढ्यांचे प्रमाण २५ ला १ ठेवले की २५ चा वर्ग ६२५ आणि ६२५ गुणिले ८ बरोबर ५०००. वर्गात शिकलेले गणित येथे प्रत्यक्ष कामास येते.

साडेचार वॅट म्हणजे फारच थोडे, असे कोणी म्हणेल. परंतु आवाज किती मोठा होईल, हे केवळ वॅटवर ठरत नाही. हलक्या शंकूचा, सशक्त चुंबकाचा स्पीकर १ वॅटमध्ये १ मीटरवर ९६ डेसिबल आवाज देऊ शकतो; जड शंकूचा लहान स्पीकर तेवढ्याच शक्तीत ८४ डेसिबल देतो. दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट लागते. येथे फरक १२ डेसिबलचा, म्हणजे १६ पट. पहिल्याला २ वॅट पुरतात, तेथे दुसऱ्याला ३२ वॅट लागतात. आपल्या हैदराबादेत ३ फेब्रुवारी १९३५ रोजी डेक्कन रेडिओचे प्रक्षेपण सुरू झाले, तेही अवघ्या २०० वॅटच्या यंत्रावर. म्हणजे शंभराच्या दोन दिव्यांइतक्या शक्तीवर! १ एप्रिल १९५० रोजी हे केंद्र भारत सरकारच्या नभोवाणीत समाविष्ट झाले.

जगातील अनेक हौशी मंडळी आजही लहान पूर्ण-पल्ल्याचा एकच स्पीकर उघड्या फळीवर बसवून त्याला दोन-चार वॅटचा व्हॉल्व्हचा विवर्धक जोडतात. माणसाचा सबंध आवाज एकाच शंकूतून येतो, म्हणून तो तुटक वाटत नाही. मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अशा स्पीकरातून अगदी खालचा खर्ज पूर्ण वजनाने उमटत नाही, अतिउंच स्वर केवळ समोर बसणाऱ्यास नीट ऐकू येतात आणि मोठे सभागृह त्याने भरत नाही.

विद्यार्थ्यांनी घरी एक प्रयोग अवश्य करावा. कोठीच्या गुजराती गल्लीतील एखाद्या दुकानातून चार इंची साधा स्पीकर आणावा आणि तो बॅटरीवर चालणाऱ्या लहान विवर्धकास जोडावा. प्रथम तो नुसता हातात धरून ऐकावा. नंतर ६० सेंटिमीटर चौरस जाड पुठ्ठ्याच्या भोकावर फट न ठेवता टेकवून ऐकावा. डग्गा परत आलेला ऐकू येईल. मग पुठ्ठ्याच्या अगदी कडेच्या रेषेत उभे राहावे; तेथे पुढची व मागची लाट भेटून आवाज क्षीण होतो. पुठ्ठा भिंतीपासून मीटरभर दूर ठेवून आणि नंतर भिंतीला टेकवून होणारा फरकही टिपून ठेवावा. व्हॉल्व्हचा संच मात्र मुलांनी कदापि उघडू नये. त्यात २५० व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही धारित्रात प्राणघातक भार उरू शकतो. ते काम जाणत्याचे होय.

आमच्या संचाला दुसऱ्याच दिवशी नवा पुठ्ठा बसविला. त्याची भोके आम्ही मुलांनीच तापलेल्या सुईने, एक एक करून पाडली. जुना पुठ्ठा वर ठेवून, एकही चुकू न देता. रात्री मुंबई केंद्र लागले. आजीने मान हलविली, बोलली काही नाही. बातम्या संपेपर्यंत ती ऐकत बसली होती.