घरातील कीटकनाशके आणि पाळीव कुत्रा

पावसाळा सुरू झाला की कुत्र्याच्या कानामागे व बोटांच्या बेचक्यांत गोचीड दिसू लागतात, स्वयंपाकघरात झुरळे वाढतात आणि घरोघरी कीटकनाशकांचे डबे बाहेर निघतात. कीटकांचा नायनाट व्हावा ही अपेक्षा रास्तच होय. परंतु फवारलेले औषध अखेर जमिनीवर उतरते आणि घरातील दोन जीव तेथेच वावरतात : रांगणारे मूल आणि कुत्रा. कुत्रा फरशीवर लोळतो, अंग व पंजे चाटून स्वच्छ करतो. त्यामुळे अंगास लागलेले औषध त्याच्या पोटातही जाते.

या औषधांची जातकुळी एक नाही. मॅलॅथिऑनसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधे आणि प्रोपॉक्सरसारखी कार्बामेट वर्गातील औषधे मज्जातंतूंचा संदेश वेळीच थांबविणाऱ्या एन्झाइमला निकामी करतात. मग संदेश थांबतच नाहीत. तोंडातून लाळ गळू लागते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, उलट्या व जुलाब होतात, अंग थरथरते आणि झटके येतात. श्वास कोंडून मृत्यू ओढवतो. येथे ॲट्रोपिन हा उतारा गुणकारी ठरतो. गोचिडांवरील अमिट्राझची बाधा मात्र निराळी. तीत कुत्रा सुस्तावतो, हृदयाची गती मंदावते आणि उतारा म्हणून ॲट्रोपिन योग्य ठरत नाही. शेवंतीच्या कुळातील फुलांतील द्रव्याच्या धर्तीवर बनविलेली पायरेथ्रॉइड औषधे कुत्र्यास त्यामानाने सोसतात, पण कुत्र्यासाठी बनविलेले परमेथ्रिन मांजरास लावल्यास ते जिवावर बेतते.

औषधाचे नाव ठाऊक असणे किती मोलाचे, हे यावरून ध्यानी यावे. दौऱ्यावर असताना एका वस्तीवर पाहिलेली घटना विसरता येत नाही. कपाशीवर फवारावयाचे औषध शेजाऱ्याकडून सरबताच्या बाटलीत आणून बादलीभर पाण्यात मिसळले आणि त्याने राखणीच्या कुत्र्यास आंघोळ घातली. तासाभरात कुत्रा कोसळला. बाटलीवर चिठ्ठी नव्हती. पशुवैद्यकांना केवळ लक्षणांवरून अंदाज बांधावा लागला. कुत्रा वाचला नाही. ती बाटली मुलांच्या हाती सहज लागेल अशा कोनाड्यात होती, याचा घरच्यांना उमज पडला तो नंतर.

कीटकनाशके अधिनियम, १९६८ व त्याखालील १९७१ चे नियम यांन्वये वेष्टनावर विषारीपणा दर्शविणारा रंगीत त्रिकोण असतो. तांबडा अतिजहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, शेवटी हिरवा. शिक्षकांनी एखादा रिकामा खोका वर्गात दुरून दाखविला तरी मुले हे चटकन शिकतात. शेतीची औषधे घरात वा जनावराच्या अंगावर वापरू नयेत. पूर्वी सर्रास वापरली जाणारी गॅमेक्सिनची पूड १९९७ पासून बंद आहे. डायक्लोरव्हॉसवरही २०२० अखेरपासून बंदी आहे. जुने डबे मात्र माळ्यावर राहून जातात.

बाधा झाल्यास हातांत मोजे वा प्लास्टिकच्या पिशव्या घालून कुत्र्यास साबणाच्या पाण्याने धुवावे आणि डब्यासह दवाखाना गाठावा. झटके येत असताना धुण्यातही वेळ दवडू नये. तूप, दूध किंवा मिठाचे पाणी पाजण्याची रीत घातक आहे. झटक्यात ते फुप्फुसात उतरते.

अल्प मात्रेच्या दीर्घ संपर्काचाही विचार हवा. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पिसवा-गोचिडांसाठी अंगावर औषध वापरलेल्या कुत्र्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका अधिक आढळला. स्थूल कुत्र्यांत तो आणखी वाढलेला होता. एका अभ्यासावरून औषध सोडावे असे नाही, कारण गोचिडांमुळे होणारा तापही कुत्र्याचा बळी घेतो. मात्रा पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावी, इतकेच.

गावात धूरफवारणी व्हावयाची असेल तेव्हा ग्रामपंचायतीने आदल्या दिवशी दवंडी देताना आणखी एक वाक्य जोडावे : जनावरांची पाण्याची व खाण्याची भांडी झाकून ठेवावीत आणि फवारणीनंतर ती धुऊन घ्यावीत.