निंब आधी की घर आधी

चि. शुभदा हिस,



तू पाठवलेले भिंतीचे फोटो नीट बघितले. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला तडा तिरपा वर गेलाय, वर रुंद आणि खाली बारीक. म्हणजे घराचा तो कोपरा खाली बसतोय. तुझा ठेकेदार म्हणतो कोपऱ्याजवळच्या निंबाच्या मुळांनी पाया उचलला, निंब तोडून टाका. पाया उचलला असता तर तडा खाली रुंद दिसला असता, एवढं त्याला माझ्या नावानं सांग.

मूळ जाड होताना अंगणातली फरशी उचलतं, कंपाउंडची भिंत ढकलतं. गावातला कुठलाही पार बघ, पिंपळानं त्याचे दगड सुटे केलेले असतातच. पण भिंती आणि स्लॅबचा भार डोक्यावर घेतलेला पाया उचलणं सहसा त्याच्या ताकदीबाहेरचं असतं. ते वळसा घेऊन पुढं जातं. तुमच्या परभणीत खरी काळजी मातीची. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच घराखालीही चालू असतं, फक्त दिसत नाही. खोल काळ्या जमिनीत वरची तीन-साडेतीन मीटर माती ऋतूप्रमाणे हलते असं आम्ही नोकरीत असताना धरून चालायचो. तुझ्या बाबांनी, म्हणजे दाजींनी, पाया चार फुटांवर थांबवला. त्या काळी सगळेच थांबवत.

आता निंबाचं काम काय, तर तो हीच माती आणखी वाळवतो. चैत्रात नवी पालवी येते आणि वैशाखात, जमीन सगळ्यात कोरडी असताना, तो भरपानात उभा असतो. खालचा ओलावा केसाएवढ्या बारीक मुळांनी ओढून घेतो. माती आकसते आणि तेवढाच कोपरा खाली येतो. घराची बाकीची बाजू जागेवर राहते म्हणून भिंत फाटते. सगळं घर सारखंच बसलं असतं तर तुला पत्ताही लागला नसता.

हे माझ्या म्हणण्यावर सोडू नकोस, तपासून बघ. निंबाच्या बाजूला पायालगत एक खड्डा आणि घराच्या विरुद्ध बाजूला तेवढाच खोल दुसरा, दोन्ही हातभर रुंद, पायाच्या तळापर्यंत. तळाखाली मात्र खोदू देऊ नकोस. दोन्हीकडची माती घेऊन बोटाएवढी वळी करायला लाग. एकीकडे वळी होते आणि निंबाकडची माती भुगा होऊन हातात येते, बारीक मुळंही दिसतात, असं झालं तर पाणी कोण पितंय ते कळलं. खड्डे त्याच दिवशी बुजवून धुमसून घे. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिही, सगळ्यात रुंद जागी रुंदी मोजून ठेव. मृगाचा पाऊस जिरल्यावर पुन्हा मोज, दिवाळीला पुन्हा. पावसाळ्यात तडा मिटत आला आणि पुढच्या उन्हाळ्यात परत उघडला, तर दुखणं मातीचंच. तोवर ठेकेदाराला त्यात सिमेंट भरू देऊ नकोस. मे महिन्यात ताठ माल ठासून भरला की पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागा राहत नाही, आणि ती शेजारी नवी जागा शोधून फुटते.

तोडण्याचं म्हणशील तर आधी हे विचार, की निंब आधीचा की घर आधीचं? ताईला विचार, ती सांगेल. दाजींनी प्लॉट घेतला तेव्हा निंब चांगला वाढलेला होता. सावली मिळेल म्हणून १९८८ मध्ये त्याच्या बाजूलाच घर बांधलं. म्हणजे पाया घातला तोच निंबानं आधीच कोरड्या केलेल्या मातीवर. आज झाड काढलंस तर ती माती हळूहळू, काही वर्षं, पाणी परत घेत राहील आणि फुगेल. जो कोपरा आज बसतोय तोच उद्या वर येईल, आणि वर येणारं घर सावरणं बसणाऱ्या घरापेक्षा अवघड. घर आधीचं आणि झाड नंतरचं असतं तर मी इतका हट्ट धरला नसता.

शिवाय परभणीला महानगरपालिका आहे. १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय स्वतःच्या अंगणातलं झाडही तोडता येत नाही, आणि झाडाला इजा करणं हेसुद्धा त्यात तोडणंच धरलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं किंवा त्यावरच्या वयाची झाडं हेरिटेज ट्री ठरवली. तुझा निंब त्यात बसणार असं मला दिसतंय. 'रात्रीतून उरकू' म्हणणाऱ्या माणसाच्या नादी लागू नकोस. दंड तुलाही होईल.

मग करायचं काय? आधी पाणी. मोरीचं चेंबर उघडून बघ. धड पाइप मूळ सहसा फोडत नाही. गळक्या सांध्यातून ओल मिळाली की तिथंच घुसतं आणि आत दाढीएवढा पुंजका करून बसतं. तुमच्याकडे जुने चिनी मातीचे पाइप आहेत, ते बदलून पीव्हीसीचे टाक, सांधे नीट चिकटवून घे. गच्चीचं पाणी पन्हळीतून भिंतीच्या कडेला पडतंय, ते पाइप जोडून लांब ने. घराभोवती बाहेर उताराची फरसबंदी करून घे, रुंद मिळेल तेवढी बरी, म्हणजे पायाची माती उन्हाळ्यात कमी वाळेल आणि पावसाळ्यात कमी भिजेल. खोडाभोवती मात्र मोकळं आळं सोड. आंघोळीचं पाणी उन्हाळ्यात निंबाच्या पलीकडच्या बाजूला, घरापासून लांब जिरव. त्याची तहान तिकडे भागली तर बरंच.

फांद्यांची विरळणी परवानगी घेऊन जाणत्या माणसाकडून करून घे. पानं कमी, तेवढं पाणी कमी. पण हे दर काही वर्षांनी करावं लागतं, आणि एकदम बोडका केलास तर तो चिडून दुप्पट फुटवे काढील.

ठेकेदाराची दुसरी सूचना, भिंत आणि झाडाच्या मध्ये चर खणून काँक्रीटची आड भिंत घालायची, ती सोडून दे. नव्या रोपाला लहानपणीच असा अडथळा घातला तर उपयोग होतो. बारा फुटांवरच्या म्हाताऱ्या झाडाची एका बाजूची जाड मुळं तोडली तर वळवाच्या वाऱ्यात ते आडवं होईल, कदाचित तुमच्याच स्लॅबवर. आणि एवढं करूनही मुळं चराखालून येतीलच.

नवी खोली काढायची आहे म्हणालीस, ती निंबाच्या विरुद्ध बाजूला काढ. पाया मुरूम लागेपर्यंत ने. फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल घाल, म्हणजे तळाशी फुगीर बुंध्याचे खांब. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ते आपल्या काळ्या मातीसाठीच विकसित केले. जुन्या आणि नव्या भिंतीत सांधा सोड, दोन्ही एकत्र बांधू नकोस.

राहिलं गच्चीच्या कठड्यातलं पिंपळाचं रोपटं. त्याची मात्र मी गय करणार नाही. पक्ष्याच्या विष्ठेतून आलेल्या त्या बीचं मूळ विटांच्या सांध्यात पाचर ठोकावी तसं घुसतं. वरून खुडलंस तर पुन्हा फुटेल. हिंग भर, तेजाब ओत असं लोक सांगतील. तेजाब पिंपळाआधी चुना-सिमेंट खाईल. पावसात भिंत ओली असताना, दोन विटा काढाव्या लागल्या तरी चालेल, मुळासकट काढ आणि सांधे पुन्हा भर. गवंडी पिंपळाला हात लावायला कां-कूं करील. त्याला सांग, रोपटं मारुतीच्या देवळामागं लावणार आहोत, आणि खरंच लाव.

खड्ड्यातली माती कशी निघाली ते फोन करून कळव. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा